मोडीची खाण

१८५४ साली विजापुरात एका तोफेचा लिलाव झाला. तोफ साधीसुधी नव्हती, मुलूखमैदान होती. वजन सुमारे ५५ टन आणि तोंड इतके रुंद की आत माणूस अंग चोरून बसेल. १५४९ मध्ये अहमदनगरात निजामशाहीसाठी ती ओतली गेली, मग परांड्याच्या किल्ल्यावर राहिली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. कंपनी सरकारच्या लेखी मात्र ती अडगळ होती. बोली लागली दीडशे रुपयांची. टनाला तीन रुपयेही पडले नाहीत. पुढे तो व्यवहार रद्द झाला, म्हणून तोफ आज विजापुरात जागेवर आहे.

तिचा धातू तपासला गेला तेव्हा सुमारे ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील निघाले. थोड्याफार फरकाने हेच प्रमाण घंटेचे असते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि त्या मुलखातल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत येऊन टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. चर्चमध्ये वाजलेली घंटा देवळात वाजू लागली. भट्टीत घातली असती तर तिची तोफही झाली असती. धातूला त्याचे सोयरसुतक नसते.

लोखंड उघड्यावर पडले की गंजत गंजत मातीला मिळते. तांबे, पितळ, कासे, शिसे, ॲल्युमिनियम हे धातू असे सहजासहजी मरत नाहीत. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये जमिनीत चार मूर्ती सापडल्या: बैलगाडीसारखा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. हजारो वर्षे मातीत राहूनही धातू शाबूत होता. आज त्या मूर्ती वितळवल्या, तर निघणारे तांबे शुद्ध करून विजेच्या तारेत घालता येईल. या धातूंचा सगळा अर्थव्यवहार याच एका गुणावर उभा आहे. ते झिजतात कमी आणि हात बदलतात जास्त. आपल्या घरात मोड देऊन नवे भांडे घ्यायची जी रीत होती, तिच्यात हे शहाणपण होते. आज देशाच्या उद्योगधोरणाला नेमके तेच शहाणपण नव्याने शिकावे लागते आहे.

चुंबकाला न चिकटणारे

कारखानदारीच्या भाषेत धातूंची पहिली वाटणी दोनच गटांत होते: लोखंड व त्याची पोलादे एकीकडे आणि उरलेले सगळे दुसरीकडे. या उरलेल्यांना पुस्तकात लोहेतर म्हणतात, बाजारात नॉनफेरस. ही वाटणी करायला भंगारवाल्याला प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक त्याच्या हाताशी असतो. चिकटले ते लोखंड, किलोला थोडक्या रुपयांचे. न चिकटले ते वेगळ्या गोणीत, कारण त्याचा भाव कित्येक पटींनी जास्त.

ही परीक्षा दोन ठिकाणी फसते. निकेल लोहेतर असूनही चुंबकाला चिकटते. उलट स्वयंपाकघरातले चांगले स्टेनलेस स्टील बहुतांशी लोखंडच असते, पण चिकटत नाही, कारण त्यातल्या सुमारे आठ टक्के निकेलने त्याची अंतर्रचना बदललेली असते. म्हणून अनुभवी माणूस चुंबकानंतर कानस काढतो. वरचा थर घासला की आतला रंग दिसतो. तांब्याचा लालसर, पितळेचा पिवळा, ॲल्युमिनियमचा पांढरा आणि शिशाचा ताजा निळसर करडा. मग तो तुकडा हातात तोलून बघतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, तांबे जवळजवळ नऊ पट आणि शिसे सव्वाअकरा पट.

सोने, चांदी, प्लॅटिनम हेही लोहेतरच. पण त्यांची दुनिया वेगळी, तिचे कौतुकही भरपूर झालेले. उद्योगाचा रोजचा गाडा ओढतात ते सहा जण: तांबे, ॲल्युमिनियम, जस्त, शिसे, कथील आणि निकेल.

तांबे: आळीपासून आकाशतारेपर्यंत

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. एके काळी इथून हंडे, घागरी, घंगाळे, बंब घरोघरी गेले. गॅसवरचा गिझर आला आणि बंब माळ्यावर चढला, तशी आळीतली ठोकाठोक विरळ झाली. तरी काही कारखान्यांतून तो आवाज अजून येतो. कारागीर पत्रा ठोकतो, ठोकता ठोकता तो कडक होतो, मग पुन्हा भट्टीत लाल करून मऊ करावा लागतो. असे फेरे घेत घेत भांडे आकाराला येते. शेवटी एकाला एक लागून हातोडीचे गोल ठसे उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते शोभेचे तर आहेच, पण त्या ठशांनी पातळ पत्राही ताठ होतो. बंबांची जागा आता हॉटेलातल्या जगांनी, दिव्यांच्या छत्र्यांनी आणि शोभेच्या वस्तूंनी घेतली आहे.

तांब्याला भांड्यातून बाहेर काढून जगाच्या कामाला जुंपले ते विजेने. वीज वाहून नेण्यात चांदीखालोखाल तांब्याचा नंबर, आणि चांदी परवडत नाही. पण हा गुण शुद्धतेवर अवलंबून असतो. तांब्यात किंचित फॉस्फरस किंवा लोखंड राहिले तरी वहनशक्ती घसरते. म्हणून भट्टीतून निघालेले तांबे विजेच्या हौदात पुन्हा शुद्ध करतात. एका पत्र्यावरचे तांबे द्रावणात उतरते आणि दुसऱ्या पत्र्यावर शुद्ध होऊन बसते. हौदाच्या तळाशी जो गाळ उरतो, त्यात सोने-चांदी मिळते.

हे तांबे किती लागते? कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पुरे झाले. गाडीच्या डोक्यावरचा पेंटोग्राफ ज्या तारेला घासत जातो, ती आपल्या रेल्वेत १०७ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची असते. सरळ हिशेब मांडला, तर किलोमीटरला सुमारे साडेनऊशे किलो. म्हणजे कोकणच्या एकेरी मार्गावर नुसत्या त्या एका तारेत सातशे टन तांबे टांगलेले आहे. स्थानकांतल्या जादा मार्गांच्या तारा यात धरलेल्या नाहीत. रस्त्यावरच्या मोटारीचेही तसेच. पेट्रोलच्या गाडीत वीस-पंचवीस किलो तांबे असते, बॅटरीवरच्या गाडीत ते ८० किलोंच्या आसपास जाते. हवा प्रदूषणमुक्त करायची म्हणजे पेट्रोलऐवजी तांबे जास्त वापरायचे, असाही त्याचा एक अर्थ होतो.

आणि नेमके हेच आपल्या जमिनीत कमी आहे. देशातली मोठी तांबेखाण मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला आहे, आपल्या गोंदियापासून फार दूर नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी ती चालवते. तिथल्या शंभर किलो खनिजात तांबे जेमतेम किलोभर. देशातल्या सगळ्या खाणींमधून वर्षाला तीस हजार टनांच्या आतबाहेर तांबे निघते आणि गरज लाखो टनांची आहे. त्यामुळे दहेजच्या मोठ्या कारखान्याला आणि २०२४ मध्ये मुंद्र्याला सुरू झालेल्या नव्या कारखान्याला परदेशातून बोटीने येणाऱ्या खनिजावरच भिस्त ठेवावी लागते. रायगड जिल्ह्यात तळोज्याला हिंदुस्थान कॉपरने सळई ओतण्याचा ६० हजार टन क्षमतेचा कारखाना १९८९ मध्ये उभारला. खनिज तिथे निघत नाही, तांबे बाहेरून येते आणि तारेला लागणारी सळई होऊन जाते.

खनिज आणले तरी ते गाळायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. तांब्याचे खनिज गंधकयुक्त असते. ते भाजले की सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. तो पकडून त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि हे आम्ल तांब्याहूनही जास्त वजनाचे निघते. नव्वदीच्या सुरुवातीला स्टरलाइट कंपनीचा असा कारखाना रत्नागिरीला उभा राहू लागला. हापूसच्या बागा आणि समुद्र यांच्या काळजीने रत्नागिरीकर १९९३ मध्ये रस्त्यावर आले, काम थांबले आणि प्रकल्प तमिळनाडूत थूथुकुडीला गेला. तिथे त्याची क्षमता वर्षाला चार लाख टनांपर्यंत वाढली. विस्ताराविरुद्धच्या आंदोलनात २२ मे २०१८ रोजी पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात १३ जण मेले आणि कारखान्याला टाळे लागले. तोपर्यंत शुद्ध तांबे निर्यात करणारा भारत तेव्हापासून ते आयात करू लागला.

रत्नागिरीकर चुकले असे म्हणायची माझी तयारी नाही. थूथुकुडीत जे घडले, ते पाहता त्यांची शंका बिनबुडाची नव्हती. पण त्याच रत्नागिरीतून आज विजेवरची रेल्वे धावते आणि तिचे तांबे कुठल्या तरी दुसऱ्या गावाची हवा नासवून आलेले असते. हा पेच सोडवायचा असेल तर एकदा जमिनीबाहेर आलेले तांबे वाया जाऊ न देणे, हाच कमी त्रासाचा मार्ग उरतो.

जस्त: वाफ होऊन निसटणारे

तांब्यात जस्त मिसळले की पितळ. ७० भाग तांबे व ३० भाग जस्त घेतले तर पत्रा इतका लवचीक होतो की ओढून त्याची खोल नळी करता येते. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी अशीच होते, म्हणून या पितळेचे नावच काडतूस-पितळ पडले आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. खडकीची पुंगळी आणि भंडाऱ्याचा गडू, दोन्ही एकाच घराण्यातले. पूर्व विदर्भातला भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. जस्ताचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत नेले की पितळ गरम असताना साच्यात दाबून हवे तसे घडवता येते. आपल्या नळाच्या तोट्या त्याच्या.

पितळ जुने असले तरी जस्त वेगळे काढणे ही फार अवघड गोष्ट होती. जस्ताचे खनिज कोळशाबरोबर हजार अंशांच्या वर तापवावे लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू जन्माला येतो तोच वाफ होऊन आणि हवा लागताच जळून पांढरी राख होतो. हा गुंता सोडवला तो उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरून तिला लांब नळी लावायची, मुशी उलटी करून नळीचे तोंड खालच्या थंड दालनात सोडायचे आणि वरून जाळ करायचा. वाफ खाली उतरते, थंडावते आणि जस्त भांड्यात ठिबकते. एका भट्टीत अशा ३६ मुशी बसत. रसरत्नसमुच्चय या संस्कृत ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. साधारण बाराव्या ते अठराव्या शतकात जावरला हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालला. युरोपात जस्त काढण्याचे पेटंट विल्यम चँपियनने घेतले ते १७३८ मध्ये. वापरून फेकलेल्या मुशी जावरला इतक्या साठल्या की लोकांनी घरांच्या भिंती त्यांनीच रचल्या.

राजस्थानची खाण आजही देशाला जस्त पुरवते. भिलवाडा जिल्ह्यातली रामपुरा आगुचा ही जगातल्या सर्वांत मोठ्या जस्तखाणींपैकी एक आहे. यातले निम्म्याहून अधिक जस्त लोखंडाला वाचवण्यात खर्ची पडते. जस्ती पत्रा, विजेचे खांब, पुलाचे कठडे, बादली या सगळ्यांवर जस्ताचा पातळ थर असतो. तो नुसते पांघरूण नसतो. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी आधी जस्त झिजते, लोखंडाला हात लागू देत नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या जहाजांना पाण्याखालच्या भागावर धातूच्या अशाच बळीच्या वड्या लावलेल्या असतात. त्या झिजल्या की बदलायच्या, जहाज राहते. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात दहा वर्षे टिकलेला पत्रा ज्याने पाहिला आहे, त्याला जस्ताची किंमत वेगळी सांगायला नको.

कथील आणि कल्हई

पितळेच्या पातेल्यात ताक राहिले की कळकते. आंबट पदार्थात तांब्याचे क्षार उतरतात, चव बिघडते आणि पोटही. त्यावर घरातला तोडगा होता कल्हई. दिवाळीच्या तोंडावर गल्लीत कल्हईवाला यायचा, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, पातेले तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा. नवसागर धातूवरचा मळ खातो आणि धुराचा लोट निघतो. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसून घेतले की पिवळे भांडे आतून पांढरे होते. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून एवढ्या साध्या जाळावर हे जमते. लोणी-दह्याशी कथील भांडत नाही.

कारखान्यात हीच युक्ती पत्र्याच्या डब्यावर चालते. पण आज जगातल्या कथलापैकी जवळजवळ निम्मे जाते ते डाग देण्याच्या कामात. मोबाइल, टीव्ही, पंख्याचा रेग्युलेटर, प्रत्येकात सुटे भाग पट्टीला कथलाने जोडलेले असतात. पूर्वी ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे अशी मिश्रधातू वापरत, कारण ती १८३ अंशांनाच वितळते. युरोपने २००६ पासून विद्युत उपकरणांत शिशावर बंधन आणले, तेव्हापासून कथील, चांदी आणि तांबे यांच्या डागाचा वापर वाढला. भारतात कथलाचे खनिज छत्तीसगडच्या बस्तर-दंतेवाडा भागात मिळते, तेही थोडे. बाकी सगळे आयात. म्हणजे फेकलेल्या प्रत्येक मोबाइलबरोबर आपण थोडे इंडोनेशियातून आणलेले कथील फेकत असतो.

जर्मनचे पातेले

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना खेड्यापाड्यात अजून जर्मनची भांडी म्हणतात. हलकी, स्वस्त, चेपणारी. गरिबाच्या चुलीवर ती बसली आणि त्यामुळे या धातूची इज्जत कमी झाली. खरे तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ॲल्युमिनियम राजेरजवाड्यांची चीज होती. जमिनीत तो भरपूर असला तरी ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसतो की कोळशाने सुटत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, या दोघा तरुणांनी एकमेकांना न कळवता तो विजेने सोडवण्याची रीत शोधली आणि भाव कोसळला.

त्याचे खनिज म्हणजे बॉक्साइट. ते सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्ट धुऊन नेला आणि कोल्हापूरच्या राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागांतल्या सड्यांवर हा ठेवा शिल्लक राहिला. दुर्गमानवाडचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाते आणि तिथे त्याची पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिना, होते. साधारण चार टन बॉक्साइटचे दोन टन ॲल्युमिना आणि त्याचा एक टन धातू. हा शेवटचा टप्पा विजेवर चालतो. टनाला १४ हजार युनिटच्या आसपास. महिना दीडशे युनिट वापरणाऱ्या घराला एवढी वीज साडेसात वर्षांहून अधिक पुरेल. म्हणून हे कारखाने कोळशाच्या किंवा जलविद्युतेच्या कुशीत, रेणुकूट, कोरबा, अंगुळ इथे वसले.

एवढी वीज खाल्ल्यावर तो परतफेडही करतो. वीजवहनात तांब्याच्या ६० टक्केच असला तरी वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. त्यामुळे किलोला किलो तोलले तर तो तांब्याच्या दुप्पट वीज वाहतो. डोंगर ओलांडून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा म्हणूनच ॲल्युमिनियमच्या असतात, मधे ताण सोसायला पोलादी दोर. विमानाचे अंग, खिडकीची चौकट, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, दुचाकीचे इंजिन, सगळीकडे तो आहे.

जुने ॲल्युमिनियम वितळवायला मात्र नव्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. चाकण-भोसरीच्या वाहनउद्योगाला सुटे भाग ओतून देणारे कारखाने एडीसी-१२ नावाची मिश्रधातू टनावारी वापरतात. तिच्यात सिलिकॉन दहा-बारा टक्के आणि थोडे तांबे असते, आणि ती बहुतेक मोडीतूनच बनते. तुमच्या स्कूटरच्या गिअरबॉक्सचे कवच कोणे एके काळी कुणाचे तरी जर्मनचे पातेले असू शकते.

उलटा प्रवास मात्र अवघड असतो. मोडीत लोखंडाचा एखादा स्क्रू राहिला आणि तो ॲल्युमिनियममध्ये विरघळला की परत काढणे जवळपास अशक्य. तो धातू मग ओतकामाच्या लायकीचा राहतो, पातळ पत्रा किंवा विमानाचा भाग त्याचा होत नाही. एकाच गोणीत चार जातींची मोड कोंबली की चौथी जात उरलेल्या तिन्हींची किंमत खाली ओढते. धातूची किंमत ठरते ती निवडण्याच्या कामात, आणि हे काम करणारी माणसे या साखळीत सगळ्यात कमी कमावतात.

शिसे: हिशेबातला विषारी धातू

शिशाचा संसार आता जवळजवळ एकाच वस्तूत आटोपला आहे: बॅटरी. मोटार, ट्रक, रिक्षा, घरातला इन्व्हर्टर, मोबाइलच्या टॉवरखालचा साठा, सगळीकडे शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. पूर्वी पेट्रोलात, रंगात, नळात, छापखान्याच्या खिळ्यांतही शिसे होते. तिथून ते हाकलले गेले, कारण ते मेंदूवर जाते आणि लहान मुलांवर सर्वांत आधी. शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गंमत अशी की बॅटरीइतकी पूर्ण परत वापरात येणारी दुसरी वस्तू सापडणे कठीण. शिसे, प्लास्टिकची पेटी, आम्लसुद्धा पुन्हा कामी येते. नीट कारखान्यात हे बंद यंत्रात होते, धूर गाळला जातो, कामगारांच्या रक्ताची तपासणी होते. पण गावाबाहेरच्या शेडमध्ये बॅटरी कुऱ्हाडीने फुटते, आम्ल नाल्यात जाते आणि शिसे उघड्या कढईत वितळते. या शेडला यंत्राचा, गाळणीचा, तपासणीचा खर्च नसतो, म्हणून ती जुन्या बॅटरीला चार पैसे जास्त देऊ शकते. आपण जास्त भावाच्या लोभाने बॅटरी तिकडे देतो, तेव्हा तो फरक शेडशेजारच्या पोरांच्या रक्तातून वसूल होतो. २००१ चे बॅटरी नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२२ चे नियम उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी टाकतात. कागदावर ते चांगले आहेत. त्यांची परीक्षा त्या शेडच्या दारात होते.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. निकेलने स्टेनलेस स्टील दिले आणि त्या स्टीलने तांब्या-पितळेला स्वयंपाकघरातून घालवले. आता तो बॅटरीवरच्या गाड्यांतही लागतो. भारतात निकेल काढणारा कारखाना गोव्यात कुंकळ्ळीला आहे. टायटॅनियम हलका, गंजाला न भिणारा आणि शरीराला चालणारा, म्हणून अवकाशयानापासून खुब्याच्या कृत्रिम सांध्यापर्यंत जातो. त्याचे खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. पण वाळूपासून धातूपर्यंतची वाट लांब. केरळात चवरा इथे इस्रोच्या मदतीने २०११ मध्ये वर्षाला ५०० टनांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा हा धातू देशात तयार होऊ लागला.

गुलालवाडीचा भाव

मुंबईत पायधुणीजवळ तांबाकाटा आहे आणि तिथून जवळच गुलालवाडी, कीका स्ट्रीट. लोहेतर धातूंच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या इथे दाटीवाटीने बसल्या आहेत. १८७७ मध्ये सुरू झालेला लंडनचा धातुबाजार जो भाव काढतो, त्याकडे या गल्लीचे रोज लक्ष असते. लंडनच्या तीन महिन्यांच्या सौद्याची मुदतही मुळात बोटीवरून ठरली. चिलीचे तांबे आणि मलायाचे कथील तिकडे पोहोचायला साधारण तेवढा वेळ लागे. मुंबईच्या भावपत्रकात मात्र शुद्ध धातूच्या खाली आपली घरे दिसतात: कॉपर आर्मेचर म्हणजे मोटारीच्या वेटोळ्यांची तार, कॉपर युटेन्सिल म्हणजे तांब्याची भांडी, ब्रास युटेन्सिल म्हणजे पितळेची. आजीच्या हंड्याचा भाव रोज छापून येतो.

जगाच्या मोडीच्या बाजारात प्रत्येक जातीला सांकेतिक नाव आहे. पितळेची मोड हनी, तांब्याची जाड मोड कँडी, ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांची टेन्स, आणि चिरडलेल्या मोटारींतून निघालेले मिश्रण झोर्बा. परदेशात फुटलेला नळ हनी होऊन कंटेनरमधून जामनगरला येतो आणि तिथे त्याची नवी तोटी होते. ज्यांना आपण कचरा देणारे म्हणून हसतो, त्या श्रीमंत देशांची मोड आपण पैसे मोजून विकत घेतो, कारण कच्चा माल म्हणून ती खनिजापेक्षा सरस असते. शंभर किलो मलाजखंडच्या दगडात एक किलो तांबे. शंभर किलो जुन्या तारेत, वरचे प्लास्टिक सोलले की, बहुतेक तांबेच.

ही खाण आपल्या शहरांतही आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत ती रोज खणली जाते. बायका मांडी घालून बसून वायरींची साले काढतात. पत्र्याच्या छपराखालच्या भट्टीत ॲल्युमिनियम वितळते, वरची मळी झाऱ्याने काढतात आणि वड्या ओततात. हातात मोजे असलेच तर कापडाचे, नाकावर फडके. वेळ वाचवायला कुठे कुठे वायरी जाळतात. प्लास्टिकच्या त्या धुरात डायॉक्सिनसारखी जहाल विषे असतात. मोडीत काय येईल याचा भरवसा नसतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रातून किरणोत्सारी कोबाल्ट-६० बाहेर पडले आणि एका कामगाराचा जीव गेला. विकणारे शिकलेले होते, मरणारा भंगारात काम करणारा होता.

सरकारला या खाणीची जाग आली आहे. तांबे, ॲल्युमिनियम, जस्त यांच्या मोडीसाठी उत्पादकाची जबाबदारी ठरवणारे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. उत्पादकाने ठरावीक हिस्सा पुनर्वापरातून आणावा, त्याची नोंद ठेवावी, असा त्यांचा रोख आहे. दिशा बरोबर आहे. भीती एकच: नोंदणी करण्याची ऐपत असलेले मोठे कारखाने आत येतील आणि ज्यांनी पन्नास वर्षे मोड निवडली, त्या गल्ल्या बेकायदा ठरून आणखी अंधारात जातील. तसे झाले तर धातू वाचेल, माणसे वाचणार नाहीत. या लोकांना शहराच्या हद्दीत जागा, सामाईक धूरगाळणी, वायर सोलायची यंत्रे आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी एवढे दिले, तरी ही खाण देशातल्या कुठल्याही तांबेखाणीपेक्षा स्वच्छ ठरेल. डोंगर फोडण्यापेक्षा आणि गोळीबारापेक्षा ते स्वस्त पडेल.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या माळ्यावरूनही मोड निघेल. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम वेगवेगळे बांधा. वायरी जाळणाऱ्याला देऊ नका. जुना फोन आणि चार्जर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पोहोचवा. आणि बॅटरी बदलताना जुनी दुकानदाराकडेच जमा करून पावती मागा, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.